एकोणपन्नास दिवस

पुणे स्टेशनच्या कर्ण्यातून ती बाई आधी मराठीत बोलली, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तिन्ही वेळा मला वाटलं, मीच चुकीचं ऐकतेय. शेवटी आमची कॅप्टन रेश्मा कोळेकर बोचक्यावरून उठून माझ्यासमोर उभी राहिली.

“मॅडम, हावड्याची गाडी रद्द म्हणजे आपलीच का ओ?”

“आपलीच.”

“मग आपण कशानं जायचं?”

दुपारचे अडीच वाजले होते. लाल ट्रॅकसूट घातलेल्या माझ्या बारा पोरी फलाटावर गोल करून बसल्या होत्या. कुणी शेंगाचटणी-भाकरीचं फडकं सोडलं होतं, कुणी मैत्रिणीची वेणी घालत होती. सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले.

ही दोन हजार चौदाच्या नोव्हेंबरातली, अठरा तारखेची गोष्ट. सांगोल्याजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात मी खेळाची शिक्षिका होते. आमच्या मुलींच्या खो-खो संघाला कोलकत्त्यापलीकडच्या एका गावात ग्रामीण मुलींच्या मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं होतं. देशभरातून सोळा संघ, आणि महाराष्ट्रातून एकटा आमचा. पत्रात एक ओळ ठळक अक्षरांत होती : वीस तारखेला सकाळी दहापर्यंत जो संघ हजर नसेल, तो स्पर्धेतून बाद.

आमच्याबरोबर संघाचे व्यवस्थापक म्हणून विज्ञानाचे पाटोळे सर होते. ते चौकशीच्या खिडकीवरून घाम पुसत परत आले.

“नागपूरच्या पुढं मालगाडी घसरलीय मॅडम. दोन दिवस त्या वाटेनं एक गाडी जायची नाही. दुसरीकडनं फिरून जाणाऱ्यांना दीडशे-दीडशे वेटिंग. चला, मुकाट्यानं सांगोल्याची एस.टी. धरू.”

शबाना मुलाणी आमच्यात सगळ्यात लहान, नववीतली. ती एकदम म्हणाली, “मी नाही येणार. मी अब्बांना सांगून आलेय, खेळून येते म्हणून.”

“अगं, गाडीच नाही तर कशी जाशील? उडून?” सर म्हणाले.

“विमानानं जाऊ की!” प्राजक्ता बाबर म्हणाली आणि सगळ्या पोरी हसल्या. सरही हसले. रडायचं नसलं की माणूस जसं हसतं, तसलं ते हसणं.

मी मात्र हसले नाही. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर विमानाचं चित्र काढलेली एक पाटी मी येतानाच पाहिली होती.

“सर, रेश्मा, माझ्याबरोबर चला. बाकीच्यांनी सामान सोडून हलायचं नाही.”

---

दुकान म्हणजे एवढीशी खोली. एक टेबल, एक संगणक, भिंतीवर ताजमहाल, आणि टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेला एक एजंट. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यानं चष्मा खाली ओढला आणि बोटं चालवली.

“उद्या सकाळी साडेदहाला थेट कोलकता. सोळा जागा शिल्लक आहेत. तुम्ही चौदा. मुलींची ओळखपत्रं आहेत?”

“शाळेची आहेत, सगळ्यांची.”

“मग चालेल. माणशी सहा हजार आठशे पन्नास. पंच्याण्णव हजार नऊशे झाले.”

रेश्मानं माझा हात घट्ट धरला. तिच्या घरी एवढे पैसे कुणी एका जागी पाहिले नसतील. माझ्याही घरी फारसे नव्हते पाहिले.

पाटोळे सर पुढे सरसावले. “थांबा. कार्ड आहे की!”

सरांच्या कार्डांची कीर्ती सगळ्या शाळेला ठाऊक होती. त्यांच्याकडे तीन होती. एकावर पेट्रोल स्वस्त, एकावर महिन्याला सिनेमाचं एक तिकीट फुकट आणि तिसऱ्यावर विमानतळावर जेवण फुकट. सकाळी एस.टी.त त्यांनी पोरींना ती पत्त्यांसारखी पसरून दाखवली होती. शबानानं विचारलं होतं, “सर, विमानतळावर जेवलाय का मग?” सर म्हणाले होते, “अजून जाणं झालं नाही.”

एजंटानं पहिलं कार्ड मशीनमध्ये घासलं. मशीन कुरकुरलं आणि ‘टूं’ करून गप्प बसलं.

“नाही झालं. मर्यादा संपलीय.”

दुसरं घासलं, तेच झालं. तिसऱ्यावर सहा हजार शिल्लक निघाले. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रेश्मा शहाणी पोर, तिनं नजर ताजमहालाकडे वळवली.

“मॅडम,” सर हळूच म्हणाले, “अजून एकजण नवीन कार्ड द्यायला मागं लागलाय. त्याला फोन करतो. त्यावर एटीएममधनं रोखसुद्धा निघते म्हणे.”

“रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं सर. वर काढायचे वेगळे पैसे.”

“होऊ दे की. एकदम कुठं भरायचंय? बिलावर खाली किमान रक्कम लिहिलेली असते, तेवढी भरत राहायची. मी दोन वर्षं तेच करतोय.”

अगदी हेच शब्द मी नऊ वर्षांपूर्वी माझ्या घरात ऐकले होते.

माझे मिस्टर दिगंबर वीज कंपनीत लाइनमन. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांना कुणीतरी कार्ड दिलं. टीव्ही आला, मिक्सर आला, नणंदेच्या लग्नातले मानपानाचे कपडे आले. दर महिन्याला बिल यायचं आणि हे किमान रक्कम भरून यायचे. “भरलं बरं का,” म्हणायचे, तोंडावर समाधान. अडतीस हजारांची खरेदी होती. साडेतीन वर्षं तसंच चाललं, मधले काही महिने तेही चुकले, व्याजावर दंड चढत गेला, आणि एक दिवस वसुलीचा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा लाखाच्या वर आकडा होता. माझ्या आईनं घातलेल्या पाटल्या त्यात गेल्या. त्या संध्याकाळी दिगंबरांनी तारा तोडायच्या पकडीनं त्या कार्डाचे तुकडे केले. मला म्हणाले, “या घरात हे परत येणार नाही.” मी मान हलवली. तेव्हापासून आमच्या घरात रेशनकार्डाखेरीज दुसऱ्या कार्डाचं नाव निघालं नव्हतं.

आणि तरीही त्या दिवशी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, हातरुमालात गुंडाळलेलं एक कार्ड होतं.

दोन वर्षांपूर्वी बारामतीला सामन्यात एका मुलीचा घोटा मोडला होता. दवाखान्यानं आधी दहा हजार भरा म्हणून सांगितलं. मी त्या मुलीला बाकावर झोपवून तास दीड तास ओळखी-अनोळखीच्या माणसांपुढे हात पसरत फिरले. घरी आल्यावर ठरवलं, दुसऱ्यांच्या लेकी घेऊन परमुलखात जायचं तर हाताशी काहीतरी पाहिजे. पगार जमा व्हायचा त्याच बँकेत गेले. तिथल्या तरुण मुलीनं सोनेरी कार्ड पुढे केलं. वर्षाला तीन हजार फी आणि काय काय फुकट, त्याची ही मोठी यादी. मी म्हटलं, “बाळ, हे फुकटचं राहू दे. वर्षाची फी नसलेलं आहे का? व्याज महिन्याला किती? बिल कोणत्या तारखेला बनतं, आणि त्यानंतर भरायला किती दिवस?” तिनं खालच्या खणातून एक साधं, करड्या रंगाचं कार्ड काढलं. “हे कुणी मागत नाही मॅडम,” म्हणाली. मी तेच घेतलं.

दोन वर्षं त्यावर मी फक्त गॅसचं सिलिंडर आणि मोबाइलचं रिचार्ज करत होते. बिल आलं की पुढच्या चार दिवसांत पूर्ण भरायचं, पैन् पै. दिगंबरांना सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडायचे आणि मला ती पकड आठवायची.

“मॅडम,” एजंट म्हणाला, “सोळाच्या पंधरा झाल्या.”

---

मी दुकानाच्या पायरीवर आले, आधी फोनवर हेडमास्तरांना विचारून घेतलं आणि मग दिगंबरांना फोन लावला.

“बोल वैजू. बसला का गाडीत?”

“गाडी रद्द झालीय. अहो, ऐका. विमानानं जायचं म्हणतेय. शहाण्णव हजार लागतात.”

“किती?”

“माझ्याकडं क्रेडिट कार्ड आहे. दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं नाही.”

पलीकडून वारा वाजत होता. मग फोन बंद झाला.

मी तिथेच उभी. समोरून रिक्षा जात होत्या, फुगेवाला जात होता, आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आतून एजंटाचा आवाज आला, “बाई, लवकर सांगा हं. जागा धरून ठेवता येत नाहीत.” रेश्मा दारात येऊन उभी राहिली. नुसती नखं खात होती.

चार मिनिटांनी फोन वाजला.

“खांबावर होतो,” दिगंबर म्हणाले. “उतरलो. आता सांग. पैसे फेडणार कुठनं?”

ना का लपवलंस, ना कशाला घेतलंस. पहिला प्रश्न हा. मी भिंतीला टेकले.

“रेल्वेनं गाडी रद्द केलीय, म्हणजे तिकिटाचे सगळे पैसे परत. आठ हजार. स्पर्धावाले दोन्हीकडचं रेल्वेभाडं देतात, ते पंधरा-सोळा धरा. सहलीचे दहा हजार शाळेकडे पडून आहेत, हेडमास्तर देतो म्हणाले, आताच विचारलं. पालकांकडनं जमेल तसं, मी माणशी हजारच धरलेत. आणि एक जानेवारीला माझी भिशी आहे. चाळीस.”

“ती तुझ्या स्कूटीची.”

“हो.”

“एवढ्यानं होतंय?”

“आठ-दहा हजार कमी पडतील. ते दोन पगारांतनं.”

“बक्षीस धरलंयस का?”

“नाही. ते अजून झाडावर आहे.”

मग म्हणाले, “बिल कधी बनतं?”

“सतरा तारखेला. काल बनलं.”

“म्हणजे हे पुढच्या सतराला येणार. आणि भरायचं?”

“सहा जानेवारी.”

पलीकडे ते पुटपुटत बोटांवर दिवस मोजत होते. खांबाखाली, हातमोजे काखेत धरून, ते मला इथून दिसत होते.

“एकोणपन्नास दिवस,” ते म्हणाले. “बिनव्याजी. घास.”

“अहो...”

“घास म्हणतो ना! आणि ऐक, तो हप्ते करून देतो म्हणेल. गोड बोलेल. बारा हप्ते, सोपं पडतंय म्हणेल. करू नकोस. पैसे येणार कधी ते तुला माहीत आहे, मग हप्ते कशाला?”

मी आत आले आणि हातरुमाल सोडला. पाटोळे सरांचे डोळे कपाळात गेले. “मॅडम, तुमच्याकडं?”

एजंटानं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “बाई, मोठी रक्कम आहे. बारा हप्त्यांत करून देऊ का? सोपं पडेल.”

मला हसूच फुटलं. “नको. एकदम करा.”

“आणि कार्डाला दोन टक्के वर पडतील.”

“ते कशाचे? दादा, बारा पोरी खेळायला चालल्यात. एकगठ्ठा चौदा तिकिटं तुम्हाला रोज जातात का? दोन टक्के घेणार असाल तर शेजारच्या दुकानात जाते.”

त्यानं रेश्माकडे पाहिलं, तिच्या ट्रॅकसूटावरचं शाळेचं नाव वाचलं आणि हात जोडले. “राहिले. द्या.”

कार्ड घासलं. मशीन कुरकुरलं. आम्ही चौघंही त्या एवढ्याशा काचेकडे डोळे लावून उभे. आणि मग मशीननं तोच आवाज काढला, जो सरांच्या कार्डांना काढला होता.

“नाही झालं,” एजंट म्हणाला.

“असं कसं? एक लाख वीस हजारांची मर्यादा आहे!”

“बँकेनं अडवलंय.”

पाटोळे सरांनी सुस्कारा सोडला. रेश्मा खाली बसली. माझा हात आपोआप कार्डाच्या मागच्या बाजूला गेला. तिथे बँकेचा फोन नंबर असतो. लावला. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा, मग संगीत. एजंट म्हणाला, “चौदा राहिल्या बाई. बरोब्बर चौदा.”

एक जागा गेली असती तर कुणाला मागे ठेवणार होते मी? पाटोळे सर म्हणाले, “मी राहतो हवं तर.” आणि त्या क्षणी मला तो माणूस पहिल्यांदा मनापासून आवडला.

संगीत थांबलं. एक मुलगा बोलायला लागला. नाव, जन्मतारीख, आईचं नाव.

“मॅडम, शेवटचा व्यवहार कुठला होता?”

“गॅसचं सिलिंडर. त्याच्या आधी रिचार्ज. त्याच्या आधी सिलिंडर.”

तो हसला. “म्हणूनच अडवलं मॅडम. दोन वर्षं सिलिंडर आणि आज एकदम विमानाची चौदा तिकिटं. आम्हाला वाटलं, कार्ड चोरीला गेलं. खरेदी तुम्हीच करताय?”

“मीच करतेय. वैजयंता दिगंबर घाडगे. माझ्यासमोर माझी कॅप्टन बसलीय, हवं तर तिला विचारा.”

“नको, नको. तुमचं एकही बिल थकलेलं नाही. मी मोकळं करतोय. दोन मिनिटांनी पुन्हा करा. आणि मॅडम, जिंकून या.”

ती दोन मिनिटं मी घड्याळात पाहून काढली. काटा सरकतच नव्हता. मग एजंटानं देवाचं नाव घेतलं आणि कार्ड पुन्हा घासलं. मशीन कुरकुरलं. थांबलं. आणि आतून कागदाची पांढरी जीभ बाहेर यायला लागली.

“झालं!” एजंट ओरडला. तोसुद्धा!

माझी सही वाकडी आली. रेश्मा तोवर दुकानात नव्हतीच. रस्ता ओलांडून, हमालांच्या मधून, खो-खोतला पळणारा गडी धावावा तशी हुलकावण्या देत ती स्टेशनात शिरली होती. आम्ही जिन्यापर्यंत पोचेतो वरून अशी किंकाळी उठली की हवालदार काठी घेऊन पळत आला. बारा पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून उड्या मारत होत्या. त्या हवालदाराला प्राजक्तानं सांगितलं, “काका, आम्ही विमानानं चाललोय!” आणि तो बिचारा म्हणाला, “बरं बरं, पण हळू जावा.”

---

ती रात्र हडपसरला रेश्माच्या मावशीकडे दोन खोल्यांत चौदाजणांनी काढली आणि दुसऱ्या संध्याकाळी आम्ही मैदानावर हजर होतो. वीस तारखेपर्यंत थांबायचीही गरज पडली नाही. सोळापैकी तीन संघ आलेच नव्हते. त्याच मालगाडीनं अडवले होते.

खेळाचं काय सांगू! उपांत्य फेरीत ओडिशाच्या पोरी वाऱ्यासारख्या. शेवटच्या पाळीत आमची एकटी शबाना उरली होती आणि पावणेतीन मिनिटं काढायची होती. ती खांबाला गिरकी घ्यायची, पाट्यांवर बसलेल्या दोघींच्या मधून निसटायची, पाठलाग करणारी बोटं तिच्या वेणीला लागायची आणि वेणीच हातात येईल की काय असं वाटायचं. शिटी वाजली तेव्हा ती उभी होती. आम्ही रिंगणात घुसून तिला डोक्यावर घेतलं. अंतिम सामना मात्र बंगालच्या संघाकडून हरलो, फक्त एका गुणानं. पोरी रडल्या, जेवल्या, आणि जेवता जेवता पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरवायला लागल्या. दुसऱ्या क्रमांकाचा चषक आणि पंचवीस हजारांचं बक्षीस मिळालं.

परतीच्या गाडीत पाटोळे सर म्हणाले, “बरं झालं. हे कार्डाच्या बिलात घाला.”

“हे पोरींचं आहे सर. बूट घ्यायचेत. शबाना फायनल फाटक्या बुटांनी खेळली.”

सरांनी तिन्ही कार्डं खिशातून काढून पाहिली. मग म्हणाले, “मॅडम, माझी तिन्ही बिलं घेऊन एकदा तुमच्याकडं येऊ का? मला नेमकं किती देणं आहे, तेच मला माहीत नाही.”

“या की. दिगंबरांनाही बसवू. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

बिल सतरा डिसेंबरला आलं. त्यावर दोन आकडे होते. एक सगळा, शहाण्णव हजारांवरचा, आणि त्याच्याखाली लहान, गोंडस, चार हजार आठशेंचा. दिगंबरांनी तो कागद स्वयंपाकघरात ओट्याशेजारी चिकटवला आणि धाकट्या आकड्यावर काळ्या पेननं काट मारली.

पैसे आले. काही वेळेवर, काही मागून मागून. हेडमास्तरांनी दहाचे बारा केले. एका पालकानं डाळिंबाचे चार क्रेट शाळेच्या फाटकावर आणून ठेवले आणि म्हणाला, “विका आणि धरा.” ते हेडमास्तरांनीच विकत घेतले. शबानाचे अब्बा दोन हजार घेऊन आले, मी हजार परत केले, त्यांनी ते परत माझ्या टेबलावर ठेवले आणि चहा न घेता गेले. भिशीतले शेवटी तेवीस हजार घालावे लागले. स्कूटी त्या वर्षी राहिली.

तीन जानेवारीला मी बँकेत निघाले. शेवटच्या दिवसापर्यंत कशाला थांबायचं? मध्ये सुट्टी येते, पैसे चढायला वेळ लागतो. दिगंबरांनी रजा टाकली होती. “मी येतो,” म्हणाले. मोटारसायकलवरून गेलो. खिडकीवर मी पैसे मोजून दिले, शिक्का बसलेली पावती घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचली आणि बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसले.

“तुला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “मला कार्डाचं माहीत होतं.”

“काय?”

“पहिलं बिल पोस्टमननं चौकात माझ्या हातात दिलं. मी फोडलं. वाटलं, घरी जाऊन तुला विचारावं. पण कुठल्या तोंडानं विचारू? मग परत चिकटवून दारातल्या टपालपेटीत टाकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहिलं, मागचं पूर्ण भरलेलं. तिसऱ्याला पुन्हा पूर्ण. वर्षभर बघत होतो वैजू. मग बघायचं सोडून दिलं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

दोघंही हसायला लागलो. रसवाला आलं-लिंबू घालू का विचारत होता आणि आम्हाला उत्तर देता येईना.

“मग तुम्हीही घ्या की एक,” मी म्हटलं. “साधं. आता तुम्हाला सगळं कळतं.”

त्यांनी मान हलवली. “कळतं म्हणूनच नको. तुझा हात वेगळा, माझा वेगळा. दुकानात काही चकाकलं की अजून माझा हात खिशाकडं जातो. खिशात नोटा असल्या की संपतात तरी. तुझ्याकडं आहे तेवढं एक बास आपल्याला.”

रस आला. त्यांनी एका दमात अर्धा ग्लास संपवला, मिशी पुसली आणि माझ्याकडे वळून बसले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पोरींचं अख्ख्या गावाला ऐकवून झालं होतं, शेजारणी ऐकून गेल्या होत्या, पण या माणसानं इतक्या दिवसांत मला त्या प्रवासाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

“आता सांग,” ते म्हणाले. डोळे लहान पोरासारखे. “विमान कसं होतं?”

“अहो, काय सांगू! आत शिरताना प्राजक्तानं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. चपला काढत होती, मी दटावली. पाटोळे सरांना पट्टा लावता येईना, शबानानं लावून दिला. मग ते हळूहळू चालायला लागलं, आपल्या एस.टी.सारखंच. पोरी म्हणाल्या, एवढंच? आणि मग एका टोकाला जाऊन थांबलं. नुसतं थरथरत उभं. आपली पोर पाटीवर बसून वाट बघते ना, तसं. सगळ्या गप्प. आणि शबाना मागनं एकदम ओरडली, ‘खोऽऽ!’ आणि अहो, ते सुटलं! अस्सं सुटलं की पाठ खुर्चीला चिकटली. बाराच्या बारा पोरी ‘खो’ म्हणून ओरडताहेत, पुढचे साहेब लोक माना वळवून बघताहेत, ती हवाई बाई तोंडाला हात लावून हसतेय, आणि रेश्मानं माझा हात असा आवळलाय, आणि खाली बघते तर जमीन सुटलेली!”

रसवाला चरख्याचं चाक थांबवून ऐकत होता. बाकावरचे दोघे शेतकरीही.

“थांब,” दिगंबर म्हणाले. त्यांनी अजून दोन ग्लासांची ऑर्डर दिली, पाय बाकावर घेऊन मांडी घातली. “हां. आता उतरतानाचं सांग.”